समुद्राचं बियाणं

बालमित्रांनो, आपल्या महाराष्ट्रात कुंडलिका नावाच्या एकाहून अधिक नद्या आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे का? एक आमच्या जालना शहरातून वाहते. वाहते म्हणजे काय, पावसाळ्यात वाहते आणि उन्हाळ्यात तिचं पात्र शोधावं लागतं! दुसरी कुंडलिका रायगड जिल्ह्यातली. ती रोह्यावरून येते आणि रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळते. नाव एकच, पण दोघींची तोंडं दोन दिशांना. आमची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी पार आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागराला. म्हणजे जालन्यात पडलेला पावसाचा थेंब आपल्या महाराष्ट्राच्या समुद्राकडे जातच नाही.

त्यामुळेच की काय, आम्हां जालनेकरांचं आणि समुद्राचं नातं लांबचं. आमच्याकडे कापूस, सोयाबीन, मोसंबी. बियाण्यांच्या कंपन्या तर इतक्या, की देशभरातले शेतकरी जालन्याचं नाव बियाण्याच्या पिशवीवर वाचतात. मासे म्हणाल तर गोदाकाठच्या गावांत किंवा पैठणच्या नाथसागरातून आलेले. रोहू, कटला, वाम, मरळ. पापलेट आणि सुरमई आम्ही चित्रातच जास्त पाहिलेली.

मी एस.टी.चा चालक होतो. तीस वर्षं स्टिअरिंग हातात होतं, पण गाडी सह्याद्रीच्या अलीकडेच फिरली. निवृत्त झाल्यावर मनात होतं, एकदा कोकणचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे गाडीनं पाहायचा. भूगोलाच्या पुस्तकात ७२० किलोमीटर लिहिलेला किनारा! सगळा नाही, तरी अलिबागपासून मालवणपर्यंत. गेल्या वर्षी कोजागिरी झाली आणि आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या घरच्या. त्या माळकरी. पंढरीची वारी करतात, मासा-मटणाला शिवत नाहीत. शेजारी हसले, "अहो, माळकरी बाईंना घेऊन कोकणात काय मासे दाखवायला चाललात?" पण सांगतो, या प्रवासातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न त्यांनीच विचारला. तो पुढे येईलच.

शरद ऋतू निवडला त्याला कारण होतं. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, बोटी किनाऱ्याला असतात. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, पाणी निवळतं, बांगड्याचा हंगाम रंगात येतो. शिवाय तेव्हा आमच्याकडे सोयाबीन निघालेलं असतं आणि कोकणात भात कापणीला आलेलं. दोन्हीकडची सुगी एका प्रवासात बघायला मिळते.

अहिल्यानगर ते पुणे हा रस्ता ओलांडताना मी मनात हात जोडले. १ जून १९४८ रोजी आपली पहिली एस.टी. याच पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. मग पुणं, बोरघाट, पेण आणि अलिबाग. जालन्यापासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या पुलावर गाडी बाजूला घेतली आणि घरच्यांना म्हणालो, "ही बघा, कुंडलिका!"

त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. भरतीची वेळ होती. समुद्राचं पाणी नदीच्या तोंडातून आत शिरत होतं. "बाई गं," त्या म्हणाल्या, "आपली कुंडलिका अशी एक दिवस तरी भरून दिसती तर!" खरंच आहे. जालन्याला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. कोकणात तीन हजारांच्या वर. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जालन्यात टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या होत्या. अशा गावाहून आलेल्या माणसाला भरलेली नदी बघून काय वाटतं, ते तुम्हांला कळेल.

पुढे काशिद, मुरूड, पाण्यातला जंजिरा. आणि मग खाड्या! कोकणचा किनारा सरळ नाही बरं का. दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर एखादी नदी समुद्राला मिळते, तिथे खाडी आत घुसते आणि रस्ता संपतो. आम्ही चार ठिकाणी फेरीबोटीत गाडी घातली. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. गाडी बोटीवर चढवायची म्हणजे खलाशाच्या हाताच्या इशाऱ्यावर इंच-इंच सरकायचं. तीस वर्षांचा चालक मी, पण पहिल्या वेळी माझ्याही कपाळाला घाम आला!

खाडीच्या दोन्ही काठांना चिखलात उभी असलेली हिरवी झाडं दिसतात. त्यांना तिवरं म्हणतात. भरतीला अर्धी पाण्यात, ओहोटीला मुळं उघडी. बोटीवरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मी विचारलं, "या झाडांचा उपयोग काय हो?" तो म्हणाला, "कोळंबीची पोरं या मुळांत लपतात. मोठी झाली की समुद्रात जातात." मी घरच्यांना म्हणालो, "म्हणजे आपल्या मोसंबीची रोपवाटिका असते, तशी ही समुद्राची!"

चौथ्या दिवशी संध्याकाळी हर्णैला पोचलो. हे दापोली तालुक्यातलं मोठं बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला, आणि वाळूवर भरलेला मासळीचा बाजार. पण आमच्या घरच्या थबकल्या त्या दुसऱ्याच गोष्टीला बघून. समुद्रात बैल होते! हो, खरेखुरे बैल. बोटी खोल पाण्यात उभ्या राहतात. तिथून मासळी काठावर आणायला बैलगाड्या लाटांत घालतात. पोळ्याला आपण ओढ्यात बैल धुतो ना, तसे ते बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे. शिंगांवर पाण्याचे तुषार. आमच्या घरच्या आधी त्या बैलांजवळ गेल्या, पाठीवर हात फिरवला आणि मगच मासळीकडे वळल्या.

लिलाव चालू होता. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगाभोवती जशी अडते आणि व्यापाऱ्यांची गर्दी होते, तशीच इथे टोपल्यांभोवती. बोली चढत होती. चांदीसारखी सुरमई, निळसर बांगडे, लालभडक राणी मासे, कोळंबीचे ढीग. आणि टोपल्यांच्या पलीकडे, वाळूवरच, एक वेगळा ढीग पडला होता. बोटभर, दोन बोटं लांबीच्या माशांचा. नाना जातींची पिल्लं एकत्र.

त्या ढिगाजवळ बसलेल्या एका मावशींना आमच्या घरच्यांनी विचारलं, "मावशी, आमच्याकडं पेरल्याबिगर काही उगवत नाही. तुम्ही तर पेरत नाही. मग तुमचं बियाणं येतं कुठून?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. पण मावशी हसल्या नाहीत. त्यांनी त्या छोट्या माशांच्या ढिगाकडे हात केला. "हे काय, हेच बियाणं," त्या म्हणाल्या. "पूर्वी हे जाळ्यातून निसटायचं. आता जाळी बारीक झाली. हे आता कारखान्यात जाईल, कोंबड्यांच्या खाद्याला."

दोस्तांनो, तो शब्द ऐकला आणि मला १९७२ साल आठवलं. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दुष्काळ एवढा मोठा, की आई-वडील खडी फोडायच्या कामावर जायचे आणि घरात लाल मिलोच्या भाकरी असायच्या. मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. चवीला कशीशीच. पण आमच्या घरात उतरंडीच्या सगळ्यांत खालच्या मडक्यात आपली शाळूची ज्वारी होती. राख कालवून, तोंड शेणानं लिंपून ठेवलेली. आम्हां भावंडांना ते माहीत होतं. धाकटा भाऊ रडायचा, "आजी, त्यातली एक भाकर कर ना." आजीचे डोळे भरून यायचे, पण तिनं ते मडकं फोडलं नाही. म्हणायची, "बाळा, ते खायचं धान्य नाही. ते बियाणं आहे. ते खाल्लं तर पाऊस आल्यावर काय पेरू?" पुढच्या वर्षी पाऊस आला आणि ते मडकं शेतात गेलं.

हर्णैच्या वाळूवर तो छोट्या माशांचा ढीग बघताना मला वाटलं, इथे मडकं फुटलंय.

पण म्हणून कोळी बांधवांना दोष देऊन मोकळं होता येत नाही. त्याच मावशींनी पुढे सगळं समजावून सांगितलं. डिझेल महाग. बोटीवर बँकेचं कर्ज. खलाशांचा पगार. बोट रिकामी परतली तरी खर्च चुकत नाही. मग जे हाताला लागेल ते आणायचं. ऐकता ऐकता मला आमच्या गावातले शेतकरी दिसू लागले. खत महाग, कर्ज डोक्यावर आणि पिकाचा भरवसा नाही. शेताचं आणि समुद्राचं दुखणं इतकं सारखं असेल, असं वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मावशींकडून कळली. समुद्रालाही विश्रांती असते. पावसाळ्यात पुष्कळ जातींचे मासे अंडी घालतात. त्याच दिवसांत नद्या माती आणि पालापाचोळ्याचं सत्त्व समुद्रात आणून टाकतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, समुद्रातलं गवतच म्हणा ना. ते खाऊन बारीक जीव वाढतात, आणि त्या सगळ्यावर माशांची पिल्लं पोसली जातात. म्हणून यंत्रानं चालणाऱ्या बोटींना पावसाळ्यात मासेमारीची बंदी असते. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरली. मात्र ही रीत कायद्याहून जुनी आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही, हा कोळ्यांचा नेम पिढ्यान्‌पिढ्यांचा. आपण रान पडीक टाकतो, म्हणजे जमिनीला उसंत देतो, तसंच हे.

रत्नागिरीला आम्ही झाडगावातलं मत्स्यालय पाहिलं. काचेच्या टाक्यांत रंगीबेरंगी मासे, समुद्री कासवं, शंख-शिंपले. मुलांची ही गर्दी! गंमत म्हणजे हे केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आहे. मासे आणि शेतीचं विद्यापीठ! आमच्या घरच्या लगेच म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं? ही शेतीच आहे."

कायदाही हेच मानतो. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी जन्माला आला. त्याच साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. पुढे २०१६ मध्ये प्रचंड मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्यानं निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं दिव्यांच्या झगमगाटानं मासे गोळा करून पकडायला बंदी केली. रात्री पाण्यात लख्ख दिवे सोडले, की लहान-मोठे सगळेच मासे उजेडाकडे धावतात, आणि जाळं सगळ्यांना एकदम उचलतं. जाळ्याच्या भोकाला इथे 'आस' म्हणतात. आस मोठा हवा, म्हणजे पिल्लं निसटतील, असाही नियम आहे.

आणि २०२३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा ठरला. जसा शेकरू आपला राज्य प्राणी, हरियाल राज्य पक्षी, तसा. आणि ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी सरकारनं ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटाची ही लांबी आहे १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. आता जरा तुमचा कंपास उघडा बघू. त्यातली छोटी पट्टी पंधरा सेंटिमीटरची असते ना? तिच्यावर साडेतेराच्या खुणेला बोट ठेवा. एवढं तरी पापलेट असायला हवं!

याचा अनुभव दुसऱ्याच दिवशी आला. रस्त्यालगत एका खाणावळीत जेवायला बसलो. शेजारच्या टेबलावर थाळी आली. तिच्यात तळलेली तीन पापलेटं, प्रत्येक बिस्किटाएवढं. मी वाढप्याला विचारलं, "एवढी लहान?" तो म्हणाला, "काका, मोठ्याची थाळी महाग आहे. गिऱ्हाईकाला स्वस्त हवी, मग आम्ही ही ठेवतो." मी म्हटलं, "माझ्यासाठी बांगडा आण. चांगला वाढलेला." तो हसला आणि बांगड्याचं तिखलं घेऊन आला. तिरफळाचा वास, कोकमाची आंबट चव, सोबत तांदळाची भाकरी. आमच्याकडच्या येसराच्या आमटीइतकंच झणझणीत! समोर आमच्या घरच्यांच्या ताटात काजूची उसळ, घावणे आणि सोलकढी. सोलकढी त्यांनी तीन वाट्या घेतली. कोकणात मासा न खाणाराही उपाशी राहत नाही, हे मी आता छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

शेवटचा मुक्काम मालवण. समोर समुद्रात सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. आम्ही किल्ला पाहिला, पण त्याहून मनात राहिली ती दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलेली रापण.

रापण म्हणजे काय, ते सांगतो. एक होडी किनाऱ्यापासून निघते आणि पाण्यात लांबलचक जाळं सोडत अर्धवर्तुळ काढून पुन्हा किनाऱ्याला येते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर काठावर. मग सगळी वाडी ते दोर ओढायला लागते. पुरुष, बायका, म्हातारे, शाळेत जायच्या आधी आलेली पोरंसुद्धा. एका तालात, पाय वाळूत रोवून. एका आजोबांनी मला विचारलं, "खंयसून इलात?" मी म्हटलं, "जालन्याहून." ते म्हणाले, "मग बघतास काय? धरा दोर!" आणि मी धरला. आमच्या घरच्या क्षणभर थांबल्या, आणि पदर खोचून त्यांनीही धरला. मी चकित! त्या म्हणाल्या, "खायचं नाही एवढंच. कामाला हात लावायला माळ आड येत नाही."

तासाभरानं जाळं काठावर आलं. बांगडे, तारली, थोडे खेकडे. फार नव्हते. पण त्यांची वाटणी बघण्यासारखी होती. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. पोरांनासुद्धा त्यांचा वाटा मिळाला. आपल्याकडे खळ्यावर बलुतेदारांना धान्य द्यायचे, त्याची आठवण झाली. आमच्या दोघांचाही वाटा काढला होता! तो आम्ही जवळ उभ्या असलेल्या एका मुलीला दिला. तिनं तो फ्रॉकच्या ओच्यात घेतला आणि त्यातले दोन अगदी बारके, अजून तडफडणारे मासे उचलून पाण्यात सोडून दिले. मी विचारलं, "का गं सोडलेस?" ती सहज म्हणाली, "ल्हान आसत."

एवढंच. कायदा नाही, भाषण नाही. त्या मुलीच्या घरात कुणीतरी तिला हे शिकवलं असणार. माझ्या आजीनं आम्हांला शिकवलं, तसंच.

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मासे खात असेल, कुणी नसेल. पण समुद्र सगळ्यांचा आहे, आणि त्याचं बियाणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. बाजारात गिऱ्हाईकानं लहान मासा घेतला नाही, तर तो कुणी पकडून आणणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी बाबांबरोबर मासळीबाजारात जाल, तर कंपासमधली ती पट्टी खिशात टाका. पापलेट साडेतेरा सेंटिमीटरहून लहान असेल, तर बाबांना सांगा, "हे नको." बाबा का म्हणून विचारतील. त्यांना मडक्याची गोष्ट सांगा.

आणि मोठ्यांनाही एक विनंती. पुढल्या दिवाळीत मुलांना किनाऱ्यावर न्याल, तेव्हा थाळी मागवण्याआधी त्यांना एकदा तरी लिलाव दाखवा, तिवरं दाखवा, कुठे रापण लागली असेल तर दोर धरायला लावा. दोर ओढून हाताला फोड आला, की ताटातल्या माशाची किंमत कळते.

रेवदंड्याच्या पुलावरून आमच्या घरच्यांनी एका छोट्या बाटलीत त्या कुंडलिकेचं पाणी भरून आणलं होतं. परत आल्यावर त्यांनी ते जालन्याच्या कुंडलिकेत सोडलं. मी म्हटलं, "खारं पाणी हो ते!" तर म्हणाल्या, "असू द्या. बहिणीची खुशाली आहे." यंदा आमची नदी बऱ्यापैकी वाहते आहे. त्यामुळे ती खुशाली दुधना, पूर्णा, गोदावरी करत पूर्वेच्या समुद्राकडे निघाली असणार.